बॅटरीचा लाल दिवा आणि भुपूचे बाबा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, आणि मी लागलो की माणसांचे चेहरे पडतात.

लाल दिवा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे साहेबाची गाडी आली असेल. तो मी नव्हे. तो गाडीच्या डोक्यावर बसायचा, मी गाडीच्या पोटात बसतो. मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे. फुलचूरच्या रेवारामजींच्या जुन्या पांढऱ्या गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, बॅटरीचं चित्र काढलेली एक इवलीशी लाल काच आहे. तिच्या मागे माझी खोली.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या खोक्यात माझे पुष्कळ भाऊ होते. सगळे जुळे. त्यामुळे नावं ठेवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. माझे शेजारी मात्र नामवंत होते. डावीकडे पेट्रोलचा काटा. तो जन्माचा आशावादी, टाकी कोरडी पडली तरी अर्ध्यावर उभा. उजवीकडे वेगाचा काटा. त्याला मोठेपणा सांगायची सवय, गाडी तीसने गेली की हा चाळीस सांगायचा. या दोघांच्या मधे खरं बोलणारा मी एकटाच. म्हणून माझ्याकडे कुणाला बघावंसं वाटत नसे.

माझं काम सोपं होतं. चावी फिरवली की लागायचं आणि इंजिन सुरू झालं की विझायचं. जगात बाकीच्यांना उजेड पाडल्याबद्दल शाबासकी मिळते. मला अंधारात गप्प बसल्याबद्दल मिळायची, म्हणजे मिळायचीच नाही.

माझं आणखी एक काम होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इंजिनाशेजारी अल्टरनेटर नावाचा एक गोल गडी असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो, वीज तयार करतो आणि बॅटरीला भरवतो. पण तो भारी झोपाळू. नुसतं सावकाश फिरवून त्याला जाग येत नाही, झोपेतच फिरत राहतो. त्याला आधी चिमूटभर वीज द्यावी लागते. चूल पेटवायला शेजारणीकडून विस्तव मागून आणावा, तसं. तो विस्तव माझ्या तारेतून जायचा. मी लागायचो म्हणजे खरं तर त्याला उठवायला जायचो. तो उठला की मी निवांत विझायचो.

रेवारामजी पाटबंधारे खात्यात चोरखमारा तलावाच्या कालव्यावर होते. तलावाजवळच्या सरकारी खोलीत त्यांचा आणि फुलवंताबाईंचा संसार झाला. नोकरी संपली, मुलगा भुपेंद्र गोंदियात धंद्याला लागला, मग दोघं जवळच्या फुलचूरला त्याच्याकडे आली. गाडी मात्र रेवारामजींची होती. एकदा कुडवा गावाच्या पुढे अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला आणि मी भर दुपारी लागलो. रेवारामजींनी लगेच गाडी बाजूला घेतली. त्या दसऱ्याला फुलवंताबाईंनी गाडीची पूजा करताना आत वाकून माझ्या काचेलाही कुंकू लावलं. म्हणाल्या, "या लहानग्यानं वाचोलं बापा." माझं आयुष्यातलं सगळं कौतुक ते एवढंच. पण मला पुरलं.

पुढे फुलवंताबाईंना विसरायचा आजार झाला. स्टँड आला की बसमधून माणसं उतरतात, तसं त्यांच्या डोक्यातून एकेक नाव उतरू लागलं. आधी डिंपलचं नाव उतरलं. डिंपल म्हणजे भुपेंद्रची बायको. सुनेचंच नाव, म्हणून घरात कुणाला फार नवल वाटलं नाही. मग नातू टिंकू उतरला. मग एके दिवशी रेवारामजी उतरले. हे मला डिंपल गाडीत बसून फोनवर कुणाला सांगत होती तेव्हा कळलं. जेवायच्या वेळी फुलवंताबाई समोरच्या ताटाकडे बघून विचारायच्या, "हे भाऊ कोन होत? जेवाले थांबले का?" आणि रेवारामजी मान खाली घालून म्हणायचे, "हो जी, थांबलो."

डॉक्टर म्हणाले, औषध घ्या. औषधं घेतली. काही उपयोग झाला नाही.

एका आयतवारी रेवारामजींनी त्यांना सहज गाडीत बसवलं आणि चोरखमाऱ्याचा रस्ता धरला. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं. फुलवंताबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग डावीकडून अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अवो भुपूचे बाबा, काच खाली करा ना. गरम होऊन रायलं."

रेवारामजींनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी काच खाली केली, आणि काही वेळ आमची गाडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालली.

तेव्हापासून दर आयतवारी तेच. घरात भाऊ, गाडीत भुपूचे बाबा. असं का व्हायचं, ते डॉक्टरला सांगता आलं नाही. मला एक शंका आहे. गाडीत बसलं की डावीकडच्या माणसाला उजवीकडच्याचा फक्त एक कान दिसतो. माणसाचा चेहरा म्हातारा होतो, कान होत नाही, तो नुसता मोठा होतो. फुलवंताबाई कानावरून ओळखत असाव्यात.

मग रेवारामजी गाडी हळू चालवू लागले. आधीही ते काही वाऱ्यासारखे नव्हते. पण आता टॉप गिअर टाकून गाडी रांगवायचे, इंजिन जेमतेम फिरायचं. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. एकदा एक बैलगाडी गेली, तिच्या मागे बांधलेलं वासरूसुद्धा आमच्याकडे वळून बघत गेलं.

याच दिवसांत टिंकूला आजोबांवर प्रेम आलं. टिंकू कॉलेजात होता आणि बिरसीची विमानं बघून त्याचं डोकं कायम हवेत. "आबाजी," तो म्हणाला, "तुमची गाडी आतून विमानावानी करतो, पाहाच तुमी." त्यानं कुठून तरी निळे एलईडी दिवे मागवले आणि एका दुपारी आम्हा सगळ्या जुन्या दिव्यांना उपटून काढलं. बाकीचे अंगणात हरवले. मला त्यानं समोरच्या खणात टाकलं. तिथे एक गंजलेला नट, दात पडलेला कंगवा आणि सुकलेली सुपारी राहत होती. सुपारी सगळ्यांत जुनी म्हणून तिचं म्हणणं शेवटचं मानलं जाई. ती कधी काही म्हणाली नाही.

माझ्या जागी आलेला निळा दिवा दिसायला देखणा होता. पण एलईडीचं पोट लहान. त्याच्यातून इतकी कमी वीज जायची की झोपाळू गड्याला मुंगीसुद्धा चावत नव्हती. चावी फिरली, इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर झोपेतच फिरू लागला. निळा दिवा बिचारा विझला नाही. सगळा रस्ता तो ओरडत होता, की भरणा होत नाही, बॅटरी उतरते आहे. पण सगळा बोर्डच निळा. लाल लागलं तर माणूस थांबतो. निळं म्हणजे शोभा. "मस्त दिसून रायलं," रेवारामजी म्हणाले.

खणाचं झाकण नीट लागत नसे. त्या फटीतून मी हे सगळं बघत होतो. बोलायला मला एकच भाषा येते, ती म्हणजे लागणं. आणि मला वायर नव्हती.

आयतवारी गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की नुसतं टक टक. रेवारामजींनी फुलचूर नाक्यावरच्या चंद्रकुमारला बोलावलं. हा वायरिंगवाला, हाताचा साफ. त्यानं बॅटरी बदलली, गाडी सुरू केली, मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या आणि एक्सिलरेटर दाबून इंजिनाला जोरात रेस दिली. "चौदा पॉइंट दोन. भरणा एकदम ओके, काका."

पुढच्या आयतवारी पुन्हा टक टक. चंद्रकुमारनं पट्टा आवळला, रेस दिली, चौदा. त्याच्या पुढच्या आयतवारी अल्टरनेटर उघडून आतले झिजलेले कार्बन बदलले, रेस दिली, चौदा. मग रेग्युलेटर बदलला. रेस, चौदा. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात अडकायची आणि आयतवार निघून जायचा. घरात फुलवंताबाईंनी आता भाऊंना जेवायला थांबलात का, हेही विचारणं सोडलं होतं. पाहुणा रोजचाच झाल्यावर कोण विचारतं?

"माहा मीटर झूठ नाई बोलत, काका," चंद्रकुमार म्हणाला.

"मंग गाडी बोलते का?"

"तुमी रात्री लाईट चालू ठेवून देत असान."

म्हातारा लाईट विसरतो. ही गोष्ट सगळ्यांना पटली. पटली, कारण सोपी होती. विसरायचा आजार एका घरात दोघांना झाला असं धरलं की बॅटरीचाही प्रश्न सुटतो.

मग ती दुपार आली. गाडी कशीबशी सुरू झाली होती. आम्ही चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत पोचलो. फुलवंताबाई खुशीत होत्या. "अवो भुपूचे बाबा, त्या खोलीच्या मांगं आपला लिंबू होता ना जी?" रेवारामजी कालव्यावर प्रत्येक बगळ्याला हॉर्न देत चालले होते. हॉर्न बारीक झाला, मग बसला. एका म्हशीसाठी गाडी थांबवली आणि इंजिन बंद पडलं. टक टक सुद्धा झालं नाही.

इंजिनाचा आवाज थांबला तशी फुलवंताबाईंनी मान वळवली. त्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं आणि पदर सावरून घेतला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मले कुठी आनलं तुमी?"

धानाच्या रोवणीच्या बाया बांधावरून परतत होत्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, डोक्यावर पावसासाठी घेतलेल्या मोऱ्या. रेवारामजी त्यांना धक्का मारा म्हणायला खाली उतरले, तोवर फुलवंताबाईंनी काचेतून हाक मारली, "अवो बाई, हे भाऊ मले कुठी घेऊन चालले मालूम नाई."

बायांनी गाडीला घेरा घातला. त्यांची पुढारीण सुलोचनाबाई नावाची. आवाज असा, की तलावापलीकडचे बगळे उडाले.

"काऊन रे बुढ्या? कोनाची बाई उचलून आनली?"

"माही बायको होय जी."

"बायको होय मनते! बाई, हा तुमचा नवरा होय का?"

"नाई," फुलवंताबाई म्हणाल्या. मग भला माणूस दुखावेल असं वाटून पुढे म्हणाल्या, "पन मानूस चांगला दिसते."

रेवारामजींनी सासरचं नाव सांगितलं, लग्नाचं साल सांगितलं, फुलवंताबाईंच्या डाव्या दंडावर गोंदलेला विंचू सांगितला. सुलोचनाबाईंनी पदर सारून बघितलं. विंचू होता.

"विंचू कसा मालूम याले?" फुलवंताबाई घाबरल्या. आता तर प्रकरण आणखी बिघडलं. एकीनं चप्पल काढली होती, ती तिनं हातात तशीच धरून ठेवली.

"बाई," रेवारामजी म्हणाले, "मले माराचं तं मंग मारा. आधी धक्का मारा. गाडी चालू झाली का ती मले ओळखते."

असला पुरावा सुलोचनाबाईंनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी बायांकडे बघितलं, बायांनी त्यांच्याकडे. मग सगळ्या जणी गाडीच्या मागे गेल्या. एकीला वाटलं हा पळून जाईल, म्हणून ती खिडकीतून त्याची कॉलर धरून सोबत धावली. गाडी घरंगळली, दुसऱ्या गिअरला गचका खाल्ला आणि फटफटत सुरू झाली.

फुलवंताबाईंनी खिडकीबाहेर डोकं काढलं. "अवो भुपूचे बाबा, एवढ्या बाया काऊन जमा झाल्या? आन या बाईनं तुमची कालर काऊन धरली?"

कॉलर सुटली.  गाडीच्या छपरावर सुलोचनाबाईंनी चिखलाचा हात ठेवला होता, तो काढायचा राहिला आणि थोडा रस्ता त्या तशाच सोबत चालल्या.

फुलवंताबाईंनी ही गंमत घरी सांगितली नाही, कारण घरी पोचेस्तोवर ती त्यांच्या डोक्यातून उतरली होती. पण कुणीतरी भुपेंद्रला फोन केला. तो अंगणात गाडीला टेकून उभा राहिला.

"बाबा, बस्स झालं आता. लोकायनं मारलं असतं म्हंजे?"

"मारलं असतं तं मारलं असतं. गाडी चालू झाल्यावर तिनं सोडोलं असतं ना."

"गाडी भंगारात द्या आता."

रेवारामजी त्याच्याजवळ आले. "तुले ती अजून भुपू मनते का रे?" त्यांनी विचारलं. भुपेंद्र मान वळवून आत गेला. पण गाडीची चावी तो घेऊन गेला.

चंद्रकुमारच्या कानावर हे गेलं तेव्हा तो स्वतःहून आला. भुपेंद्रकडून चावी मागून घेतली आणि बॅटरीपासून दोन लांब वायरी ओढून, खिडकीतून आत घेऊन, मांडीवर मीटर ठेवून मागच्या सीटवर बसला. "काका, मी हात नाई लावत. तुमी रोज चालवता तशी चालवा."

रेवारामजींनी गाडी काढली. टॉप गिअर टाकला.

"बारा पॉइंट तीन," मागून आवाज आला, "भरणा नाई होऊन रायला." थोड्या वेळानं, "बारा पॉइंट दोन. काका, गाडी चालू आहे का उभी?"

"चालू आहे."

"सायकल सोडून गेली आपल्याले."

"तिले घाई असन."

तेवढ्यात मागून धानाचा ट्रक आला आणि असा भोंगा दिला की रेवारामजींचा पाय दचकून खाली गेला. इंजिन किंचाळलं. निळा दिवा पटकन विझला.

"चौदा पॉइंट एक!" चंद्रकुमार सीटवरून उडाला. "काका, उठला!"

"कोन?"

"अल्टरनेटर! थांबा, बंद करा. आता चालू करा. रेस नका देऊ. बारा पॉइंट दोन. आता द्या रेस. चौदा!" तो पुढच्या दोन सीटांच्या मधून आत घुसला आणि बोर्डाकडे बघत राहिला. "हा निळा दिवा कोनं लावला? याच्या जागी जुना कुठी आहे?"

खण उघडला. पुष्कळ दिवसांनी माझ्या अंगावर ऊन पडलं.

चंद्रकुमारनं मला बोटांत धरून उजेडाकडे केलं. मग म्हणाला, "रेस देली का तो या दिव्याबिना बी उठते, आन मी दर टायमाले रेस देऊनच पाहत होतो, काका. आन तुमी कधीच रेस देत नाई." मग त्यानं विचारलं, "एवढी हळू काऊन चालवता?"

रेवारामजी समोर बघत होते. "रस्ता लवकर सरते रे," ते म्हणाले.

टिंकूनं सगळे निळे दिवे स्वतः काढले. त्या दिवशी विमान गेलं तरी त्यानं वर बघितलं नाही. मी माझ्या खोलीत परतलो. चावी फिरली, मी लागलो, गडी उठला, मी विझलो. पहिल्याच झटक्यात.

आयतवारी भुपेंद्रनं स्वतः आईला हात धरून गाडीत बसवलं. मधे किती आयतवार गेले होते ते मी मोजले नाहीत. रोवलेला धान आता कमरेला आला होता. रेवारामजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कुडवा गेला. विमान येऊन गेलं. काच त्यांनी आधीच खाली करून ठेवली होती. तलावाजवळची खोली आली, तिच्यापाशी त्यांनी गाडी आणखी हळू केली. इंजिन मऊ चाललं होतं, बॅटरी भरत होती, कुठेही काही बिघाड नव्हता.

"भाऊ, गाडी बरी चालवता तुमी," फुलवंताबाई म्हणाल्या. "कोन्या गावचे?"

रेवारामजी म्हणाले, "इकडचाच, जी."

"बाई आहे घरी?"

"आहे ना."

"तिले नाई आनत का गाडीत?"

"आनतो ना. लय आवडते तिले."

"मंग आज काऊन नाई आनलं?" त्या जरा रागावल्याच. "माह्यामुळं आनलं नसन. असं नका करू भाऊ. पुढच्या टायमाले तिले समोर बसवा. मी मांगं बसन."

"नाई जी," रेवारामजी म्हणाले. "तुमी समोरच बसा. ती काई मनत नाई."

मित्रांनो, माझी तार आता बारीक झाली आहे. एखाद्या सकाळी चावी फिरेल आणि मी लागणार नाही. तेव्हा मला फेकून द्या, माझी तक्रार नाही, फक्त माझ्या जागी माझ्याच जातीचा कुणी बसवा. आणि एक मागणं आहे. कुणाचं काही दुखत असेल, तर त्याला आपल्या वेगानं पळवून बघू नका आणि ठीक आहे म्हणून सोडून देऊ नका. त्याच्या शेजारी बसा. त्याच्या चालीनं थोडा रस्ता जा. आणि जायचं तर लवकर जा. चंद्रकुमार हुशार होता, मनानं चांगला होता, फक्त मागच्या सीटवर बसायला त्याला उशीर झाला.

आता गाडी कितीही हळू चालवली तरी बॅटरी उतरत नाही. रेवारामजी पूर्वीपेक्षाही हळू चालवतात.